सोबतीची कसोटी



संस्थापकांच्या स्मृतिदिनी बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. उपेक्षितांची खरी सोबत कशी करावी, हा आजचा विषय. त्याचा एक धागा आपल्या गावापर्यंत येऊन पोचतो.

उत्तर कर्नाटकातील जमखंडी येथे १८७३ साली जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत वावरले. १९०६ साली त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन, म्हणजेच निराश्रित साहाय्यकारी मंडळी, स्थापन केली. तिच्या शाळा आणि वसतिगृहे ठिकठिकाणी निघाली. आपल्या हुबळीतही तिची शाखा होती. शिंदे स्वतः कुटुंबासह अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीत राहिले. वाळीत पडण्याचे दुःख त्यांनी सोसले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करू नये.

तरीही १९२० साली एक कठीण प्रश्न उभा राहिला. कायदे कौन्सिलात अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोणी निवडावा? कौन्सिलातील निवडून आलेल्या सभासदांनी तो निवडावा, अशी सूचना मिशनने सरकारकडे केली होती. त्याच वर्षी नागपूरच्या परिषदेत तरुण भीमराव आंबेडकरांनी या सूचनेला कडाडून विरोध केला. मदत करणाऱ्याच्या हेतूबद्दल हा वाद नव्हता. आमच्या वतीने कोण बोलणार, हे आम्हीच ठरवू, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ‘निराश्रित’ आणि ‘साहाय्यकारी’ या दोन शब्दांतच देणारा वर आणि घेणारा खाली, अशी पायरी दडलेली असते. सत्पुरुषाच्या हातूनही ती सहजी पुसली जात नाही. १९२३ साली शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले.

त्या नागपूर परिषदेचे अध्यक्ष होते राजर्षी शाहू महाराज. तत्पूर्वी मार्च महिन्यात माणगावच्या परिषदेत त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले, की तुम्हाला तुमचा पुढारी लाभला आहे. राजाने आपले पुढारीपण मिरवले नाही. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ पत्राला त्यांनी साहाय्य केले होते. पण त्यात काय लिहावे, हे संपादकाकडेच राहिले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा महाराज तेथे जाऊन सर्वांदेखत चहा घेत. तो उपकार नव्हता. आपली प्रतिष्ठा त्यांनी दुसऱ्याच्या दारात पणाला लावली होती.

यावरून मला सोबतीच्या तीन कसोट्या दिसतात. सोबत करणाऱ्याने काही गमावण्याची तयारी ठेवली आहे का? ज्यांच्यासाठी काम चालले आहे, त्यांना निर्णयात जागा आहे का? आणि त्यांनी ‘नको’ म्हटले, तर आपण रागावतो की ऐकतो? पहिली कसोटी पुष्कळांना उतरता येते. तिसरी फार थोड्यांना साधते.

आपण येथील मराठी भाषक संख्येने थोडे आहोत. आपल्याविषयीचे निर्णय आपल्याला न विचारता झाले, म्हणजे मन कसे खट्टू होते, हे आपण जाणतो. मग आपल्याच गल्लीतील दलित कुटुंबांच्या बाबतीत ती जाणीव का हरवावी? शिष्यवृत्ती मिळणाऱ्या मुलांची नावे भर वर्गात पुकारण्यापूर्वी त्या मुलांना काय वाटेल, याचा विचार व्हावा. घरात प्रथमच शाळेची पायरी चढलेल्या मुलाच्या आईला पालकसभेत केवळ बोलावू नये. तिला बोलू द्यावे. स्नेहसंमेलनात सतरंज्या कोण घालतो आणि व्यासपीठावर कोण बसतो, याचीही नोंद ठेवावी.

विद्यार्थिमित्रांनो, समाजसेवेची शपथ मी तुम्हाला घालीत नाही. एवढेच सांगतो, की ज्याच्या बाजूने उभे राहायचे आहे, त्याच्या पुढे उभे राहू नका. त्याचा आवाज झाकला जातो. संस्थापकांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.