आटपाडीची बिनभिंतीची वसाहत आणि गुन्हेगाराची पारख

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमाला, शिरोली एमआयडीसी : व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शिरोलीत व्याख्यान म्हटले की विषय भट्टीचा, कास्टिंगचा, फार तर वीजदराचा असावा. ‘गंभीर गुन्हेगारांचे मानसशास्त्र’ हे नाव वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु विषय वाटतो तितका दूरचा नाही. कोल्हापूर शहराच्या दुसऱ्या टोकाला कळंब्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. तेथून दीर्घ शिक्षा भोगून सुटणाऱ्या माणसाला काम लागते आणि या जिल्ह्यात काम शोधणाऱ्याची पावले साहजिकच शिरोलीच्या फाटकांकडे वळतात. फेटलिंगला, मोल्डिंगला हात हवेच असतात. मात्र चारित्र्य पडताळणीचा कागद मागितला, की हा माणूस निमूटपणे परत फिरतो. त्याला आत घ्यावे की न घ्यावे आणि घ्यावयाचे तर कशाच्या आधारावर, एवढाच आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाशी फार पूर्वी झुंजलेले एक ठिकाण याच परिसरात आहे. सांगली जिल्ह्यातील आटपाडी हा पूर्वीच्या औंध संस्थानाचा दुष्काळी मुलूख. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. त्याच वर्षी आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तिच्यामागची प्रेरणा मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची. भारतात येऊन भारतानंद हे नाव धारण केलेल्या या गृहस्थाचे म्हणणे असे, की उंच भिंतीआड ठेवलेल्या माणसाला भिंत ओलांडण्याखेरीज दुसरे काही सुचत नाही. त्याला जमीन द्यावी, काम द्यावे आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. राजेसाहेबांनी ही कल्पना मान्य केली, हे त्या काळाचा विचार करता थोडे धाडस नव्हते. पळून गेलेल्या एका कैद्यानेही सारा प्रयोग हास्यास्पद ठरला असता.

औंधच्या मुलखातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. पुढील वर्षी बर्लिनच्या महोत्सवात तो गौरविला गेला. शांताराम कोल्हापूरचे, त्यांचे वडील जैन. चित्रपटात सहा खुन्यांना माळरानावर नेणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याचे नाव आदिनाथ आहे, हे या सभागृहातील अनेकांच्या ध्यानात असेलच. मात्र चित्रपटामुळे एक गैरसमजही रुजला. प्रेमळ नजरेने पाहिले की कोणताही गुन्हेगार बदलतो, असे प्रेक्षक घरी घेऊन गेले. खुल्या कारागृहाची व्यवस्था मात्र अशा भाबडेपणावर चालत नाही. बंद कारागृहात काही काळ काढलेल्या, वर्तणूक चांगली असलेल्या बंद्यांचीच तेथे निवड होते. सराईत गुन्हेगारांना वगळले जाते. संचित रजेवर गेलेला बंदी ठरल्या दिवशी परत आला का, ही साधी गोष्ट त्याच्याविषयी बरेच काही सांगून जाते. म्हणजे विश्वासाच्या आधी पारख आहे.

ही पारख किती अवघड असते, याची साक्ष महाराष्ट्रातच मिळते. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत रात्री झोपलेल्या गोरगरिबांचे खून करणारा रामन राघव पकडला गेला. त्याला फाशी झाली, त्याने अपीलही केले नाही. पुढे मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याची तपासणी केली. बऱ्या न होणाऱ्या मनोविकाराने तो ग्रस्त असल्याचे दिसले आणि १९८७ साली शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ मध्ये तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मरण पावला. अशा माणसाला विश्वास उपयोगी नाही आणि धाकही नाही. त्याला उपचार व बंदोबस्त दोन्ही हवेत.

दुसरे प्रकरण कोल्हापूरकरांना सांगावे लागत नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी १९९० ते १९९६ या काळात लहान मुले पळविली. चोरी करताना मूल कडेवर असले की लोकांना संशय येत नाही, पकडले गेले तर दया येते, हा हिशेब. मूल अडचणीचे झाले की त्याचा जीव घेतला जाई. येथे वेड नाही, क्षणिक संताप नाही. थंड डोक्याचा उपयोगितावाद आहे. आई खटल्याआधीच कैदेत मरण पावली. मुलींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. दयेच्या अर्जाच्या निकालास झालेल्या विलंबामुळे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचे रूपांतर जन्मठेपेत केले. अंजनचोराची कथा प्रवचनात गोड वाटते, फाटकाशी नव्हे, असे म्हणणाऱ्यांच्या मनात अशीच प्रकरणे असतात. त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही.

गुन्ह्याच्या जागेवरून गुन्हेगाराचे मन वाचण्याचे शास्त्र अमेरिकेत एफबीआयने वाढविले. त्यांच्या अधिकाऱ्यांनी ३६ लैंगिक खुन्यांच्या तुरुंगात जाऊन मुलाखती घेतल्या आणि गुन्हेगारांचे ‘योजनाबद्ध’ व ‘विस्कळीत’ असे दोन वर्ग पाडले. चित्रपटांनी हे वर्ग डोक्यावर घेतले. पण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली शंभर मालिका-खुन्यांच्या गुन्ह्यांवर ही विभागणी पडताळून पाहिली, तेव्हा ती टिकली नाही. चेहऱ्यावरून, एका कृत्यावरून माणूस ओळखल्याचा दावा करणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. मग तो दावा हवालदाराचा असो वा कारखानदाराचा.

अधिक भरवशाची दिशा कॅनडातील अँड्र्यूज आणि बोंटा यांनी दाखविली. प्रश्न ‘याने काय केले’ एवढाच नाही. ‘पुन्हा करण्याचा संभव कशामुळे वाढतो’ हा आहे. जुनी गुन्ह्यांची मालिका, सोबतीचे लोक, दारू, रिकामे हात, तुटलेले घर यांचा हिशेब मांडावा आणि ज्याचा धोका जास्त त्याच्यावर जास्त लक्ष द्यावे. त्यांच्या मांडणीतील एक भाग फारसा सांगितला जात नाही. कमी धोक्याच्या माणसाला सराईतांच्या संगतीत ठेवले, तर तो बिघडतो. बांधाच्या भांडणात एकदाच कुऱ्हाड उचललेला शेतकरी आणि टोळी चालविणारा गुंड यांच्यावर कलम एकच लागते. माणसे एक नसतात. शेतकऱ्याला वीस वर्षांनी पुन्हा कुऱ्हाड उचलण्याचे कारण सहसा उरलेले नसते. त्याचे वयही उतरलेले असते, आणि वय वाढेल तसा हिंसेकडचा ओढा ओसरतो, हे जगभर दिसून आले आहे.

म्हणून फाटकाशी आलेल्या माणसाला विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. गुन्हा एकच होता की अनेक? रजेवर गेल्यावर वेळेवर परतला का? आत कोणते काम शिकला? घरी कोण वाट पाहत आहे, आणि जुने साथीदार भेटतात का? कारागृहातील वर्तणुकीची माहिती मागता येते. रोख रकमेची कामे पहिल्या दिवशी देऊ नयेत, हे सांगण्याची गरज नाही. तो नियम नव्या प्रत्येक कामगाराला लागू असतोच. ज्याच्या गुन्ह्यात बालके किंवा स्त्रिया बळी पडल्या, त्याला कामगार वसाहतीत खोली देण्यापूर्वी दहादा विचार करावा, आणि नकार द्यावा लागला तर तो संकोच न करता द्यावा.

कळंब्याच्या बंदिजनांनी काही वर्षे अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले. भाविकांनी ते श्रद्धेने घेतले. कोणाच्या हातचा, हे कोणी विचारले नाही. तेच हात शिरोलीत आले, की पहिला प्रश्न तोच असतो.

स्वतंत्रपूर आजही आहे. तेथे तीसहून कमी बंद्यांची सोय आहे. बंदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात, मुले शाळेत जातात. दिवसाचे काम संपवून बंदी हजेरीला परत येतात. मोठ्या व्यवस्थेत ही संख्या नगण्य आहे आणि ती वाढविता आलेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. वसाहतीतून सुटणाऱ्यालाही अखेर आटपाडीच्या बसस्थानकावर उभे राहून ठरवावेच लागते, की गाडी गावची पकडावी की कोल्हापूरची.