चालकाविना मोटार : पोलीस कोणाला धरणार?
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आठवीच्या वर्गात मी नागरिकशास्त्र शिकवीत होतो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे अब्बा टेम्पो चालवतात. तो म्हणाला, "सर, आता ड्रायव्हर नसलेल्या मोटारी निघाल्यात. ॲक्सिडेंट झाला तर पोलीस कोणाला धरणार?" मी त्याला "पुढच्या तासाला सांगतो" म्हणून खाली बसवले. आम्ही शिक्षक अडचणीत सापडलो की असेच करतो. पण प्रश्न डोक्यातून जाईना, तेव्हा थोडे वाचन केले. आपली कितीतरी घरे स्टिअरिंगवर चालतात. कोणाची रिक्षा, कोणाचा ट्रक, कोणी आखातात टॅक्सीवर. म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडीत आहे.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात टेम्पी नावाचे शहर आहे. 18 मार्च 2018 च्या रात्री, दहाच्या सुमारास, एक बाई सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडीत होत्या. उबर कंपनीची एक व्होल्वो मोटार चाचणीसाठी त्याच रस्त्याने स्वतःच चालत येत होती. देखरेखीसाठी चालकाच्या जागेवर एक महिला कर्मचारी होती. मोटारीने बाईंना ठोकरले आणि त्या मरण पावल्या. चाचणीच्या अशा मोटारीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिलीच घटना.

तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने याची चौकशी करून 2019 साली निष्कर्ष जाहीर केले. ते वाचून मी सुन्न झालो. मोटारीच्या यंत्राला ती बाई धडकेच्या 5.6 सेकंद आधी दिसली होती. ताशी सुमारे 70 किलोमीटर वेगाने हे अंतर शंभर मीटरांच्या आसपास होते. मग थांबली का नाही? यंत्र तिला कधी मोटार समजले, कधी सायकल, कधी निव्वळ एक वस्तू. दर वेळी मत बदलले की आधीची पाहणी पुसली जाई, आणि ती कोठे चालली आहे याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. झेब्रा पट्टे सोडूनही माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही गोष्ट त्या यंत्राला शिकवलेलीच नव्हती! व्होल्वोचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक यंत्र चालू असताना बंद ठेवलेला होता. पूर्वी मोटारीत दोन कर्मचारी बसत. कंपनीने ते एकावर आणले होते. आणि ती एकटी महिला त्या वेळी मोबाइलवर कार्यक्रम पाहात होती.

आता आपल्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. पोलिसांनी कोणाला धरले? 2019 साली सरकारी वकिलांनी सांगितले की, कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही. खटला झाला तो त्या कर्मचारी महिलेवर. 2023 साली तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तिची चूक होतीच, मी ती झाकीत नाही. पण ब्रेक बंद ठेवणारे, दुसरा माणूस काढून टाकणारे, ते सगळे घरी राहिले.

असे का झाले, हे कायद्यात पाहावे लागते. आपल्याकडे मोटारीचे नवे मॉडेल विकण्याआधी पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. अमेरिकेत, मोटार नियमात बसते असे कारखानदार स्वतःच लिहून देतो. सरकार मागाहून पाहते. शिवाय तेथे मोटारीचे नियम केंद्राचे आणि चालकाचे लायसन्स राज्याचे. मोटार हीच चालक झाली, तर ती कोणाच्या अखत्यारीत? या फटीतून बरेच काही निसटले. डिसेंबर 2016 मध्ये कॅलिफोर्नियात उबरने परमिट न काढता मोटारी रस्त्यावर आणल्या. परमिटची फी अवघी 150 डॉलर. राज्याने 16 मोटारींची नोंदणी रद्द केली, तेव्हा कंपनीने त्या ट्रकवर चढवून ॲरिझोनात नेल्या, आणि तेथील गव्हर्नरांनी त्यांचे स्वागत केले. पुढे अपघात झाल्यावर त्याच गव्हर्नरांनी चाचणी बंद केली. आधी पाहुणचार, मग चौकशी.

सुरक्षा मंडळाने शिफारस केली की, कंपन्यांनी सुरक्षेचा अहवाल सक्तीने द्यावा. तोवर तो ऐच्छिक होता. मंडळ शिफारसच करू शकते, नियम करू शकत नाही. जून 2021 पासून अपघात कळवणे मात्र केंद्राने बंधनकारक केले. परमिटचा उपयोग काय, हे 2023 साली सॅन फ्रान्सिस्कोत दिसले. दुसऱ्या मोटारीने उडवलेली एक पादचारी महिला क्रूझ कंपनीच्या रिकाम्या टॅक्सीपुढे पडली आणि टॅक्सीने तिला सुमारे वीस फूट फरफटत नेले. फरफटीची गोष्ट कंपनीने अधिकाऱ्यांपुढे नीट उघड केली नाही. राज्याने तीन आठवड्यांत परमिट स्थगित केले. खोटा अहवाल दिल्याचे कंपनीने 2024 मध्ये कबूल केले आणि पाच लाख डॉलर दंड भरला. परमिट दिलेले होते, म्हणून काढता आले.

ब्रिटनने 2024 साली जो कायदा केला, त्यात आपल्या विद्यार्थ्याचे उत्तर आहे. मोटार स्वतः चालत असेल तेव्हा चालवण्यातील चुकीसाठी आत बसलेल्या माणसाला नव्हे, तर परवानगी घेतलेल्या कंपनीला जबाबदार धरायचे. आणि यंत्र निदान काळजीपूर्वक चालवणाऱ्या जाणत्या माणसाइतके तरी सुरक्षित हवे. दुबईनेही 2023 साली अशा मोटारींना परवाना सक्तीचा केला.

आपले केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी 2017 साली, रोजगार जातील म्हणून अशा मोटारी येऊ देणार नाही, असे सांगितले. टेम्पोवाल्या पालकांना ते ऐकून बरे वाटले असेल, मलाही वाटले. परंतु त्याने पोटाचा प्रश्न सुटतो, जबाबदारीचा नाही. आज ना उद्या अर्धे काम यंत्राचे आणि अर्धे माणसाचे अशा मोटारी आपल्या मुलांच्या हाती येतील, आणि टेम्पीतल्या त्या बाईसारखे चालकाच्या जागेवर आपलेच कोणी बसलेले असेल. नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी, ब्रेक कोणाच्या ताब्यात आहे आणि अपघात झाला तर नाव कोणाचे लागणार, हे त्याने विचारून घ्यावे.

त्या चौकशीचा मी केलेला मराठी सारांश शाळेच्या वाचनालयात ठेवला आहे. ड्रायव्हर पालकांनी तो अवश्य वाचावा आणि माझ्या चुका दाखवाव्यात. मला अद्याप मोटार चालवता येत नाही.