दुखणे अंगावर काढू नका

(दाभोसा येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काही पुरुष मंडळींनी माना खाली घातल्या आहेत, मागच्या रांगेतल्या मुली हसत आहेत. हरकत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईचे स्तन दुखतात ही गोष्ट चारचौघांत बोलायची नसते असे आपण धरून चाललो, म्हणूनच हे दुखणे आजवर घराच्या कुडाआड राहिले.

१९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे जव्हार तालुक्याचे नाव साऱ्या महाराष्ट्राला कळले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. तेव्हापासून कुपोषण म्हटले की आपल्यापुढे वजनकाटा येतो. मुलाचे वजन किती, दंडाचा घेर किती, याची नोंद होते. ती हवीच. परंतु ज्या बाईच्या दुधावर ते मूल पहिले सहा महिने जगते, तिला “बाई, पाजताना दुखते का?” असे किती जण विचारतात? दुखते म्हणून ती पाजणे टाळते, बाळाला अर्धवट सोडवते. स्तन रिता होत नाही, पुढे दूध कमी होते, बाळाचे वजन घटते. मग कोणीतरी डब्याची पावडर आणतो आणि ओहोळाच्या पाण्यात पातळ करून बाटली देतो. जुलाब सुरू झाले की दोष बाईच्या दुधाला, नाहीतर कोणाच्या नजरेला!

आता हे दुखते कशाने ते पाहू. बहुतेक वेळा कारण साधे असते. बाळाने स्तनाग्राचे फक्त टोक तोंडात धरलेले असते. त्याने स्तनाग्राभोवतीचा काळा भागही तोंडात घेतला पाहिजे, हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे. तसे झाले नाही तर भेगा पडतात, रक्त येते. यावर मलम चोपडून भागत नाही. कोणीतरी जाणत्या बाईने शेजारी बसून पाजताना पाहावे लागते. काही बाळांची जीभ खाली बांधलेली असते, तेही पाहिल्यावाचून कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटते, स्तन दगडासारखा होतो. कधी एका जागी गाठ धरते. आणि त्याच जागी लाली, ठणका, थंडी वाजून ताप आला तर तो स्तनदाह. त्याकडे दुर्लक्ष झाले की आत पू होतो.

गाठ आली की आपल्याकडे काय करतात? गरम शेक देऊन, तेल लावून गाठ जोरात रगडतात. पूर्वी डॉक्टरही शेक आणि मालिश सांगत. आता शास्त्राचे म्हणणे बदलले आहे. स्तनपानाचा अभ्यास करणाऱ्या ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या संस्थेने २०२२ साली स्पष्ट सांगितले की जोराच्या मालिशने आतली सूज वाढते. थंड पाण्याची घडी ठेवावी, बाळाला नेहमीप्रमाणे पाजत राहावे, उगाच पुन्हा पुन्हा पिळून दूध काढू नये. स्तनदाह झालेल्या बाजूचे दूध बाळाला बाधत नाही. “दूध नासले, पाजू नको” हा सल्ला चुकीचा आहे, मग तो सासूबाई देवोत की पाटीवाला डॉक्टर.

म्हशीला कासदाह झाला तर घरधनी त्याच दिवशी ढोरांच्या डॉक्टरकडे पळतो. तिच्या दुधाला भाव आहे ना!

भगिनींनो, योग्य उपचार म्हणजे नुसती सुई आणि सलाईन नव्हे. सलाईनने गाठ विरत नाही. डॉक्टरांनी किंवा सिस्टरने स्तन तपासला पाहिजे, बाळाचे तोंड पाहिले पाहिजे. दुखण्यावर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही औषधे पाजणाऱ्या आईला सहसा चालतात. तिला अ‍ॅलर्जी, पोटातला अल्सर वा दुसरा आजार असेल तर आधी विचारावे. ताप एका दिवसात उतरला नाही किंवा दुखणे जोराचे असेल तर प्रतिजैविक लागते, आणि बरे वाटले तरी सांगितलेले सर्व दिवस घ्यावे लागते. पू झाला तर सोनोग्राफीत पाहून सुईने काढता येतो, दर वेळी चिरावेच लागते असे नाही. औषधोपचार करूनही गाठ राहिली तर क्षयरोग आणि कर्करोग यांची तपासणी झालीच पाहिजे. वय लहान म्हणून ती सोडू नये.

जायचे कोठे? प्रथम आशाताई. बाळंतपण दवाखान्यात झाले असले तरी तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचे असते. त्या वेळी बाळाला तिच्यासमोर पाजा. मग उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र. तेथे भागले नाही तर जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पुरुष डॉक्टरसमोर संकोच वाटला तर “सिस्टरला बोलवा” म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. “हे औषध घेऊन पाजता येईल का?” हे विचारल्याशिवाय उठू नका.

एक गोष्ट मात्र दवाखान्यात सुटणार नाही. आवणीच्या दिवसांत बाळंतीण महिन्याभरात चिखलात उतरते, बाळ घरी म्हातारीजवळ. दिवाळीनंतर वीटभट्टीवर तेच. तासन्‌तास दूध तुंबले तर गाठ धरणारच. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. ते विधेयक कारखान्यातल्या बायांसाठी होते. १९६१ च्या कायद्याने नोकरदार आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या दिल्या. आपल्या शेतावर आणि भट्टीवर ती सुट्टी कोण देणार? घरच्या पुरुषांनो, बाळ बांधावर आणून देणे एवढे तर तुमच्या हातात आहे.

विद्यार्थ्यांना एक काम सांगते. आपल्या पाड्यातली बाई दवाखान्यात जाताना तिला एका कागदावर लिहून द्या: बाळंत होऊन किती दिवस झाले, कोणती बाजू, ताप कधीपासून, गाठ आहे का, कोणते औषध घेतले. ही माहिती खोलीत शिरल्यावर तिच्या तोंडून निघत नाही, कागदावरून निघते. आणि थंडी-तापाने ती गळून गेली असेल, बडबडत असेल, तर कागद लिहीत बसू नका, १०८ ला फोन करा. पाड्यावर फोनला रेंज नसते, म्हणून कोणत्या टेकाडावर ती मिळते ते पावसाळ्याआधीच पाहून ठेवा.

जयभीम.