दिवसाची रात्र झाली तेव्हा

जुन्या जालन्यातून, बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू द्या, शेंगा फोडता फोडता ऐकलं तरी चालेल.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि आमच्या एका ताईंचा मुलगा छोटा स्पीकर घेऊन आला. तो पुण्याला साऊंडवाल्याकडे कामाला आहे. म्हणाला, "तुम्ही आमच्या डीजेला नावं ठेवता ना, आज हे ऐका." नावं आम्ही ठेवतोच. मिरवणुकीत घराच्या काचा थरथरतात, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडतं, त्याचं काय कौतुक करायचं? पण पोरगं घरचं, म्हणून बसलो.

त्यानं लावला श्पाँगल नावाच्या जोडीचा पहिला अल्बम, 'आर यू श्पाँगल्ड?', 1998 सालचा. जोडीतला एक सायमन पोसफर्ड, इंग्लंडचा. दुसऱ्याचं नाव राजा राम. नाव ऐकून एका मावशींनी पदर डोक्यावर घेतला, भजन लागणार म्हणून! तर हा राजा राम ऑस्ट्रेलियाचा निघाला, बासरी वाजवणारा. 1969 सालापासून लंडनच्या क्विंटेसेन्स नावाच्या बँडमध्ये होता. म्हणजे हा अल्बम आला तेव्हा आजोबाच्या वयाकडे झुकलेला माणूस.

या संगीताला ट्रान्स म्हणतात, म्हणजे तंद्री लावणारं. त्याचा एक प्रकार तर आपल्या शेजारच्या गोव्याच्याच नावानं ओळखला जातो, गोवा ट्रान्स. तिथं हणजूणच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे रात्र-रात्र नाचायचे, त्यातून तो वाढला. पोसफर्डनं आधी तसलंच जोरदार संगीत केलं होतं. श्पाँगलचं त्यापेक्षा संथ आहे. ठेका धरून ठेवायचा, त्यावर एकेक आवाज चढवायचा, मग एकेक काढून घ्यायचा. बासरी स्टुडिओत वाजवून घ्यायची आणि कॉम्प्युटरवर तिचे तुकडे करून पुन्हा जोडायचे. मुलगा हे सांगत होता तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "यात नवं काय? गोंधळात संबळ असाच चढत जातो, आणि मग बाईच्या अंगात येतं." जात्याची घरघरही तशीच की. हात फिरत राहतो आणि पायली कधी दळून झाली ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही त्या मुलाला स्पष्ट विचारली. या संगीताच्या नावानं नशापाणी चालतं, ते कसं? त्यानं ते नाकारलं नाही. आईच्या जिवाला घोर लागणारच. पण गोंधळात नशेशिवाय तंद्री लागते, हेही आम्ही पाहिलेलं आहे.

आता खरी गोष्ट. अल्बममध्ये सात तुकडे आहेत. शेवटचा जवळजवळ वीस मिनिटांचा, त्याचं नाव 'अँड द डे टर्न्ड टू नाइट', म्हणजे आणि दिवसाची रात्र झाली. हे दोघं 1995 साली भारतात सूर्यग्रहण बघायला आले होते, त्यातून तो निघाला. मुलगा एवढं बोलला आणि बैठकीत एकदम कालवा झाला. ते ग्रहण आमच्यातल्या वयस्क बायांना पक्कं आठवत होतं! 24 ऑक्टोबर, ऐन दिवाळी. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या एका पट्ट्यात सकाळी जेमतेम मिनिटभर काळोख झाला. आपल्याकडे खंडग्रास होतं.

तेव्हा आमच्या एक मावशी सातव्या महिन्यात होत्या. त्यांना पहाटेपासून आतल्या खोलीत बसवलं, खिडकीला गोणपाट लावलं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाणीसुद्धा नाही. दहाच्या सुमाराला त्यांना चक्कर आली, तरी कुणी पाण्याचा तांब्या दिला नाही. मूल चांगलं जन्मलं. सासूबाई म्हणाल्या, मी पाळायला लावलं म्हणून. गंमत अशी की त्यांची चुलत जाऊ तेवढ्याच दिवसांची, ती त्याच सकाळी कापूस वेचायला गेली होती, कारण दिवाळीची उसनवारी फेडायची होती. तिचंही मूल चांगलंच जन्मलं. तिच्या पाळण्या-न पाळण्याची चर्चा कुणी केली नाही. मजुरी करणाऱ्या बाईला कसलं ग्रहण!

मावशी हे हसत सांगत होत्या. मग म्हणाल्या, "परदेशी माणूस आपल्या देशात येऊन आभाळ बघतो, त्याचं गाणं करतो. आणि मी त्या दिवशी गोणपाटाची भोकं मोजत बसले होते." त्यानंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. स्पीकरवर बासरी चालू होती.

आम्ही नंतर नर्सताईंना विचारून घेतलं. बाळाचा ओठ फाटलेला निघतो तो ग्रहणामुळे नाही. काही वेळा ते घराण्यात असतं. पोटाशी असताना विडी-सिगारेट ओढली, किंवा फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वेळेवर पोटात गेल्या नाहीत, तरी धोका वाढतो. म्हणजे आशाताई गोळ्या देतात त्या डब्यात ठेवून द्यायच्या आणि ग्रहणाला तेवढं घाबरायचं, असं आपलं चाललंय. मिसरीचं तर विचारूच नका, तीही तंबाखूच. ग्रहणात भीती आहे ती डोळ्यांना, आणि ती गरोदर बाईइतकीच पुरुषालाही. साध्या डोळ्यांनी, एक्स-रेच्या फिल्ममधून किंवा घमेल्यातल्या पाण्यात सूर्य बघायचा नाही. त्यासाठीचा खास चष्मा मिळतो. नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून भिंतीवर पडणारा उजेड बघावा. सूर्याची कोर तिथंच दिसते.

2 ऑगस्ट 2027 ला, सोमवारी, दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, ढग नसले तर. गटाच्या वहीत आम्ही ठराव लिहिलाय की त्या दिवशी आमच्या कुठल्याही घरातल्या गरोदर लेकी-सुनेला पाणी आणि जेवण वेळेवर मिळेल, आणि सासूला सांगायला दोघीजणी जातील. एकटीनं सांगितलं तर भांडण होतं. दोन सह्या राहिल्या आहेत. त्या दोघी म्हणाल्या, घरी विचारून सांगतो. आम्ही थांबलोय.

चष्म्यांसाठी दर महिन्याला पाच रुपये बाजूला काढायचंही ठरलं. आणि मावशींनी त्या मुलाला बजावलं आहे, त्या दिवशी स्पीकर घेऊन ये, पण आवाज बेताचा ठेव.