पंचांचा निवाडा आणि लेंकरांचा ताबा
(श्रीगोंदें तालुक्यांतील पालकांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आपल्या तालुक्यांत शेतकऱ्यांच्या वस्तीशेजारीं पारधी बांधवांचीं पालें आहेत व दोघांचीं मुलें एकाच शाळेंत बसतात. आज प्रश्न एवढाच कीं, नवराबायकोचें फाटलें किंवा बाईनें दुसरें घर केलें, तर तिचीं लेंकरें कोणाकडे जावीं हें ठरविण्याचा अधिकार जातीच्या पंचांस आहे काय?

मुळींच नाहीं. पंचांत सज्जन असतात, भांडणें मिटवितात, त्याबद्दल तक्रार नाहीं. पण दंडाचे रुपये माणूस कर्ज काढून भरतो. पोरें काढून घेण्याची धमकी दिली कीं आईची मान खालीं जाते. म्हणूनच ती धमकी दिली जाते. हें पारध्यांचें म्हणून कोणीं हंसूं नये. विधवेनें पाट लावला कीं पोरगा आणि त्याच्या वांट्याची जमीन भावकीकडे, हा न्याय आपल्याच वाड्यांतला आहे!

शाळेंत हें प्रकरण दाखल्याच्या रूपानें येतें. चुलता म्हणतो, "गुरुजी, पंचांनी पोरगं आमच्याकडं दिलंय, दाखला काढा." गुरुजींनीं अशा वेळीं कोर्टाचा हुकूम मागावा. पंचांच्या शब्दावर दाखला देणारा मास्तर हा आणखी एक पंचच झाला.

आतां कायदा पाहूं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणें जिल्हा कोर्टानें अज्ञान मुलाचें हित पाहावयाचें. आई किंवा बाप जिवंत असून नालायक नसेल, तर मुलाच्या देखभालीस दुसरा पालक नेमतां येत नाहीं. यांत ‘आई’ हा शब्द घालावयास २०१० साल उजाडलें, म्हणजे १२० वर्षें लागलीं! कोर्टानें नेमलेल्या पालकास काढण्याचीं कारणेंहि कलम ३९ मध्यें दिलीं आहेत: विश्वासघात, कर्तव्यांत सतत कुचराई, असमर्थता, मुलाचा छळ किंवा हयगय, वाईट शील दाखविणाऱ्या गुन्ह्याची शिक्षा वगैरे. जातीबाहेर लग्न हें कारण त्या यादींत शोधून सांपडत नाहीं.

पंच म्हणतील, आम्हांस आमची रूढि. १९५६ चा हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायदा अनुसूचित जमातींस, केंद्रसरकारनें तसें जाहीर केल्यावांचून, लागत नाहीं, आणि पारधी त्या यादींत आहेत, हें खरें. पण १८९० चा कायदा त्यांनाहि आहे. रूढि असेल तर ती कोर्टांत शाबीत करावी.

मूल खरोखर मारझोडींत असेल, भिकेस लावलें असेल, लहानपणीं त्याचें लग्न ठरत असेल, तर जिल्ह्याची बाल कल्याण समिति आहे. १०९८ वर फोन करावा. आईबापांनीं आपण होऊन मूल समितीच्या स्वाधीन केलें, तरी फेरविचारास दोन महिने मिळतात. पंचांपुढें रडत काढलेला शब्द मात्र त्याच घटकेस बांधतो.

असला अन्याय सरकारनेंहि केलेला आहे. १९२४ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें सहा ते अठरा वर्षांचीं मुलें आईबापांपासून तोडून सरकारी शाळेंत ठेवतां येत. मुलाचा अपराध काय, तर जन्म. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं गेला. ज्यांच्या आज्यापणज्यांच्या डोक्यावर तो कायदा होता, त्यांच्याच पंचांनीं आज आईच्या कुशींतून मूल ओढावें काय?

ओढूं न दिल्याबद्दल कोणीं वाळींत टाकलें, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून अंमलांत आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. फिर्याद पोलिसांत द्यावी. बायकांस, मुलांस व अनुसूचित जमातींच्या लोकांस तालुक्याच्या विधि सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. अर्ज लिहावयास कोणी नसेल, तर शाळा सुटल्यावर माझ्याकडे यावें. येतांना मुलाच्या जन्माचा दाखला तेवढा आणावा.