चाकावरून उंबरठ्यावर

घर बदलण्याचा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांवर केव्हा ना केव्हा आलेला असेल. नव्या घरी पहिल्या रात्री झोप येत नाही, पाण्याचा तांब्या हाताशी सापडत नाही, आणि अंधारात हात जुन्या घरातल्या भिंतीच्या अंदाजाने चाचपडत राहतो. चार-आठ दिवसांत हे सारे सरावाचे होते. कारण आपण एका घरातून दुसऱ्या घरात आलेलो असतो. परंतु ज्याची झोळी बैलगाडीच्या साटीखाली टांगलेली होती, ज्याच्या आजीची चूल आज या गावी तर उद्या त्या गावी पेटत होती, त्या मनुष्याने घरात राहावयास येणे ही गोष्ट किती निराळी असते, याविषयी आज थोडे बोलावयाचे योजिले आहे.

मी श्रीरामपूरचा राहणारा. आमचे शहर काही पुरातन नव्हे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि त्यावरील बेलापूर स्थानकाच्या आसऱ्याने येथे वस्ती वाढली. पुढे १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी ऊस आणला, आणि हरेगाव व टिळकनगर येथे साखरेचे कारखाने उभे राहिले. तेव्हा आज येथे मोठ्या अभिमानाने नांदणारी पुष्कळशी घराणी कोठून ना कोठून येऊनच स्थिरावलेली आहेत. आमचेही त्यांतलेच.

उसाबरोबर बैलगाड्या आल्या, आणि गाड्यांच्या मागोमाग चाकांना धाव चढविणारे, फाळ ठोकून देणारे, कोयत्याला पाणी देणारे घिसाडी व गाडीलोहार येऊ लागले. महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या यादीत घिसाडी या नावाखाली गाडी लोहार आणि चितोडी लोहार ही नावे आढळतात. चितोडचा किल्ला १५६८ साली अकबराच्या हाती पडला, तेव्हा आपल्या पूर्वजांनी छपराखाली राहावयाचे नाही, रात्री दिवा लावावयाचा नाही, खाटेवर सुखाने निजावयाचे नाही, अशी शपथ वाहिली, असे गाडीलोहारांची परंपरा सांगते. इतिहास या कथेचा किती भाग मान्य करील तो करो. परंतु १९५५ साली पंडित नेहरूंनी या लोकांना समारंभाने चितोडच्या किल्ल्यात नेले आणि शपथ पुरी झाल्याचे जाहीर केले, ही गोष्ट घडलेली आहे. शपथ एका दिवसात सुटते; सवय व दारिद्र्य मात्र एका दिवसात सुटत नाही. त्या समारंभानंतरही कित्येक गाड्या रस्त्यावरच राहिल्या.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरामागील मोकळ्या जागेत अशाच एका कुटुंबाने दोन खोल्या बांधल्या. पत्र्याचे छप्पर, विटांच्या भिंती, पुढे थोडे अंगण. आम्हा शेजाऱ्यांस वाटले, आता या मंडळींच्या आनंदास पारावार उरणार नाही. प्रत्यक्षात पहिला महिनाभर घरातील म्हातारी आत निजलीच नाही. अंगणात उभ्या असलेल्या गाडीखाली ती आपले अंथरूण घाली. मी एकदा विचारले, "आजी, आत का निजत नाही?" ती म्हणाली, "आत वाऱ्याचा आवाज येत नाही, बाबा. जीव गेल्यावाणी वाटतं."

त्यांच्या अडचणी आपणांस सुचणारही नाहीत अशा होत्या. कुलूप ही वस्तू त्यांस नवी होती. गाडीला दार नसते. सारे कुटुंब व सारा संसार बरोबरच चालतो. आता बाजारास जावयाचे तर मागे कोणी राहावयाचे, हा प्रश्न रोज पडू लागला. सून पहिल्या पावसात कोरड्या चुलीपुढे बसून भाकरी थापताना मात्र हसत होती. लहान नातू वर्षभर एकाच शाळेच्या हजेरीपटावर राहिला आणि शिधापत्रिकेवर प्रथमच घराचा पत्ता लागला. घराने दिले ते खरोखरच मोठे होते.

परंतु त्याच घराने काय हिरावून घेतले, ते मला फार उशिरा कळले, आणि त्यात माझाही हात होता. या लोकांच्या धंद्यात पुरुष तापलेले लोखंड ऐरणीवर धरतो आणि बायको घण घालते. गाडी फिरती असताना हा नाद एका गावास चार-दोन दिवस ऐकू येई व लोक त्याची वाट पाहत. आता तो रोज पहाटे आमच्या खिडकीशी येऊ लागला. आळीतील मंडळींनी अर्ज केला. त्यावर माझी सही आहे. भाता बंद झाला. म्हणजे आम्ही त्यांच्या घरास हरकत घेतली नाही; त्या घराची चूल ज्यावर पेटे, त्यास हरकत घेतली! पुढे ट्रॅक्टर आले, बाजारात तयार कोयते मिळू लागले, हे खरे. तथापि उरलेले गिऱ्हाईक आम्ही घालविले.

एके दिवशी सकाळी माझ्या बागेतले बोथट झालेले खुरपे घेऊन मी त्यांच्या अंगणात गेलो. कर्ता पुरुष दुसऱ्याच्या बांधकामावर मजुरीस गेला होता. म्हातारीने खुरपे हातात घेऊन बोटाने त्याची धार पाहिली आणि काही न बोलता परत दिले. ऐरण तुळशीशेजारी मातीत रुतून बसली होती.

महाराष्ट्र शासनाने २०११ साली विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना काढली. तीत दर कुटुंबास ५ गुंठे जमीन आणि तीवर २६९ चौरस फुटांचे घर असा मूळ विचार होता. उरलेल्या जागेत कुटुंबाने आपला उद्योग करावा, ही त्यामागील दृष्टी. मला त्या योजनेतील घराहून ती उरलेली जागा अधिक मोलाची वाटते. कारण फिरत्या माणसाचे घर आणि कारखाना एकच असतो. त्यास नुसत्या चार भिंती देऊन निजावयास सांगणे म्हणजे त्याचे अर्धे घर रस्त्यावरच ठेवण्यासारखे आहे.

आम्ही नंतर दुसरा अर्ज केला. आळीच्या टोकाला, ओढ्याकडील बाजूस, सकाळी आठानंतर भाता चालावा, एवढीच त्यात मागणी होती. त्यास सर्वांच्या सह्या मिळाल्या नाहीत, बऱ्याचशा मिळाल्या. आता तेथे नवरात्राच्या सुमारास, उसाची तोड सुरू होण्यापूर्वी, कोयत्यांना धार लावून घेणाऱ्यांची थोडी गर्दी होते. म्हातारी घरात निजू लागली आहे. मात्र दार उघडे ठेवूनच. गाडीचे बैल विकले गेले. गाडी तशीच अंगणात उभी आहे आणि तिच्या चाकांना दर दसऱ्यास हळदकुंकू वाहिले जाते.

आपल्या शेजारी असे कोणी राहावयास आले, तर त्यांस घर मिळाले काय, एवढेच विचारू नका. ऐरणीस जागा मिळाली काय, हेही विचारा.