आमचे पूर्वज खातेदार होते
(एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजेरजवाड्यांवर व्याख्याने देणारे पुष्कळ आहेत. मी आज बोलणार आहे ते तुमच्या-माझ्या खापरपणजाविषयी. दीडशे वर्षांपूर्वी तो या काळ्या मातीत राबत होता. त्याचा पुतळा नाही, पोवाडा नाही, तसबीर तर नाहीच. मग तो सापडावयाचा कसा? माझे म्हणणे एवढेच की, तो सापडतो. आणि जेव्हा सापडतो तेव्हा भाटाने सांगितलेल्या सरदारापेक्षा तो फार मोठा माणूस निघतो.

आपल्याकडे वंशावळ सांगणारे येतात. दक्षिण भागात हेळवी येतात. त्यांच्या वह्यांत कोणती पिढी कोणत्या गावाहून आली, किती भाऊ होते, हे पुष्कळदा नीट लिहिलेले असते, आणि ते अवश्य उतरून घ्यावे. परंतु मूळपुरुषाची गोष्ट निघाली की कित्येक भाटांची वही एकदम चितोडास नाहीतर उज्जनीस जाऊन पोहोचते! नांगर धरणाऱ्या प्रत्येकाच्या मागे एक तलवार बांधून दिली जाते आणि दक्षिणा घेतली जाते. बंधूंनो, नांगराची लाज वाटली म्हणून तलवार उसनी आणणे यात कसला मान आहे?

खरा पूर्वज कागदात शोधावा. पण कागदाची एक खोड ध्यानात ठेवा. गरिबाचे नाव कागदावर येते ते कोणास तरी त्याजकडून काही घ्यावयाचे असते तेव्हाच. सरकारास सारा पाहिजे, सावकारास व्याज पाहिजे, तीर्थावर दक्षिणा पाहिजे, मळेवाल्यास मजूर पाहिजे. ज्या ज्या दारी त्याजकडून काही मागितले गेले, त्या त्या दारी आपण जावे.

पहिले दार मोजणीचे. कंपनी सरकारची नवी मोजणी १८३६ साली इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. गोल्डस्मिड व विंगेट या अंमलदारांनी शेताला नंबर दिला, नंबरावर आकार बसविला आणि आकारापुढे खातेदाराचे नाव लिहिले. तो आकार तीस वर्षे कायम राहावयाचा आणि मग फेरमोजणी व्हावयाची. त्यामुळे एकाच शेतापुढे आधी बाप आणि पुढे मुलगा अशी दोन नावे मिळू शकतात. पुढे हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला आणि त्यातून फेरफार आले. फेरफारातील वारसाची नोंद म्हणजे सरकारी हातची वंशावळच. खातेदार मयत झाला, मुलगे अमुक, विधवा अमुक, असे तेथे लिहिलेले असते. आजच्या सातबारावरून मागे मागे फेरफार वाचीत गेले म्हणजे विसाव्या शतकाचा उंबरठा ओलांडून जुन्या मोजणीपर्यंत पोहोचता येते. गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे जनरल रजिस्टर हीही दारे ठोठवावी.

दुसरे दार तीर्थाचे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील उपाध्यांच्या वह्यांत गावाप्रमाणे यजमानांची नावे असतात. आजा, बाप, भाऊ, कोण कोणाच्या अस्थी घेऊन आला, हे सारे तेथे मिळते. ती वही दक्षिणेसाठी लिहिली गेली हे खरे. पण लिहिली गेली ना? मग आपण ती वाचावी.

तिसरे दार कर्जाचे. शंभर रुपयांवरचे गहाणखत नोंदविलेच पाहिजे असा नोंदणीचा कायदा होता. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. घरचे रोखे जळले, पण ज्यांची नोंदणी झाली होती त्यांची नक्कल सरकारी दप्तरात राहिली. तेव्हा जे कागद आपल्या पूर्वजांनी जाळावयास धरले, तेच आज त्यांची ओळख सांगतात!

आमच्याच घरचे पाहा. आमचे घर भीमथडीचे. खापरपणजोबा मोठे मानकरी होते आणि एका लढाईवर गेले ते परत आले नाहीत, असे आमच्यात सांगत. पहिल्या मोजणीत त्यांच्या वडिलांचे नाव आहे आणि फेरमोजणीत त्यांचे. दोन्ही ठिकाणी बावीस एकर जिराईत. मानकरीपणाची ओळ कोठेही नाही. पुढे दीडशे रुपयांचे कब्जेगहाण आहे आणि त्याखाली सहीच्या जागी नांगराची निशाणी आहे. मग १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. आमच्या आत्याबाई सांगत की, थोरला बाबा "रुळाच्या मातीला" गेला. दौंड-मनमाड हा लोहमार्ग दुष्काळातील मजुरांच्या हातांनी झाला आणि १८७८ साली खुला झाला. अशा कामावर माणसांची मोजदाद होते, नावे राहत नाहीत. पुढे शके १८१५ च्या तीर्थाच्या वहीत त्यांच्या मुलाने बापाचे नाव मयत म्हणून सांगितले आहे. लढाई म्हणाल तर ती हीच. आणि शत्रू म्हणाल तर भूक.

परंतु आमच्या घराची खरी कथा याच्या पुढची आहे. दुष्काळानंतरच्या खात्यावर एका बाईचे नाव येते आणि नावापुढे "कोम" हा शब्द आहे. कोम म्हणजे अमक्याची बायको. ही आमची खापरपणजी. तिचे नाव आमच्या घरात कोणास ठाऊक नव्हते! १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा झाला. त्याने न्यायाधीशास व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार मिळाला. या बाईने त्या कायद्याखाली गहाण सोडविण्याची फिर्याद लावली. हुकूमनाम्याची नक्कल आमच्या चुलत्यांच्या पत्र्याच्या पेटीत लग्नाच्या याद्यांखाली पडून होती. तिने हप्ते फेडले आणि बावीसांपैकी अकरा एकर सोडविले. हप्त्याच्या पावतीवर तिची निशाणी बांगडीची आहे. आज आमची चार घरे त्या अकरा एकरांवर उभी आहेत. भाटाच्या वहीत ही बाई कोठे आहे? चितोडचा राणा आहे, पण जिच्यामुळे आम्ही जेवलो ती नाही!

आता वाचावयाचे कसे, हे थोडे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे लिपी. जुना कागद मोडीत आहे. मोडी शाळेतून गेली आणि आपल्याच आजाचा कागद आपणांस परका झाला. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्याच्या दारी रांगा लागल्या. मोडी ही कोणा एका जातीची विद्या नव्हे. नेमाने बसले तर तरुणास ती काही महिन्यांत येते.

दुसरी गोष्ट सनांची. शकाच्या आकड्यात ७८ मिळवा. दक्षिणेतील फसली सनात ५९० आणि शुहूर सनात ५९९ मिळवा. फसली व शुहूर ही वर्षे मृगाला बदलतात. म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदास आणखी एक मिळवावा.

तिसरी गोष्ट आडनावाची. आजचेच आडनाव शोधीत बसाल तर रिकाम्या हाताने परत याल. खुद्द जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे आणि आडनाव गोऱ्हे. ते पुरंदरातील खानवडीस आले आणि पुण्यास फुलांच्या धंद्यावरून फुले झाले. म्हणून गाव, शेताचा नंबर आणि "बिन" किंवा "वल्द" यापुढील बापाचे नाव, हे तीन धागे धरावे.

चौथी गोष्ट, लेखणी कोणाची हे पाहावे. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती होते. ज्याच्यापाशी लेखणी त्याचे नाव "राव" आणि "पंत" लावून येते. ज्याच्यापाशी नांगर तो म्हाताराही "रामा" आणि "सटवा" राहतो. नोंद खोटीच आहे असे मी म्हणत नाही. जेथे लिहिणाराचा स्वतःचा लाभ आहे तेथे ती दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावी. शाहू छत्रपतींनी १९१८ साली करवीर राज्यात कुलकर्णी वतने बंद करून तलाठी नेमले, त्याचे मर्म या जुन्या दप्तरात बसले म्हणजे चांगले कळते.

कोणी म्हणेल, ज्याला शेतच नव्हते त्याने काय करावे? त्याचीही वाट बंद नाही. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरली आहेत आणि त्यांत "नाक" हा प्रत्यय असलेली २२ नावे महार शिपायांची आहेत. पलटणीत नाव लागले म्हणून ते दगडावर उतरले. कोकणातील कित्येक घरांतून एखादा भाऊ "मिरचीच्या देशाला" म्हणजे मॉरिशसला गेला आणि नाहीसा झाला. १८३४ ते १९१० या काळात हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गिरमिटावर उतरली. त्यांची रजिस्टरे तेथील मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज, सारे आहे, आणि पुढच्या काळातील कित्येकांची तर छायाचित्रेही आहेत. उसाच्या मळ्यातून मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून काढलेले चित्र आज नातवंडांस आजाचे तोंड दाखविते.

शेवटी एक विनंती. पुष्कळ मंडळी तहसिलीत जातात, जातीची एक ओळ सापडली की नक्कल घेतात आणि दप्तर बांधून टाकतात. दाखला ज्यास पाहिजे त्याने जरूर घ्यावा. पण त्या ओळीच्या आजूबाजूस शेत किती होते, कर्ज किती होते, कोणाचा हप्ता थकला, कोणती विधवा उभी राहिली, हेही तेथेच लिहिलेले आहे. तेही वाचा. या वाचनालयाने गावातील प्रत्येक घरासाठी एक कोरी वही ठेवावी. म्हाताऱ्या बायकांस आधी विचारावे, कारण पुरुषांस शिवेचे भांडण आठवते आणि बायकांस माणसे आठवतात. पेटीतील कागद बाहेर काढावे, त्यांची छायाचित्रे घ्यावी, आणि वहीत बापाबरोबर आईचेही नाव लिहावे. आपल्या खापरपणजाने नांगर काढला, खापरपणजीने बांगडी काढली. कारण अक्षर त्यांच्यापर्यंत येऊ दिले गेले नाही. आपल्या हाती अक्षर आहे. ते त्यांच्या नावासाठी वापरा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.